एका बटणाची दोन मशिनं

"मशीन थांबवायचं दारापाशीचं लाल बटण कुठं गेलं?" सकाळी सुनेनं नवऱ्याला, मिस्त्रीला, विचारलं तेव्हा तो पायात चपला सरकवत होता.

"वर्कशॉपातल्या लेथ मशीनला लावलंय. बाजारातून दुसरं आणतो. तोवर दोन्ही वायरी पीळ मारून जोडल्यात. जोडलेल्या आहेत तोवर मशीनला वाटतं सगळं ठीक आहे. सुटल्या की जागेवर थांबतंय."

"मशीनला वाटतं. मला नाही वाटत."

पण तो वर्कशॉपला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून गेलासुद्धा.

मिस्त्रीचा हात सोन्याचा, पण काम अर्धवट ठेवायची खोड जन्माची. सासूबाईंचे पाय गेल्यापासून त्यांना न्हाणीत उचलून नेताना सुनेची कंबर मोडायची. म्हणून त्यानं तुळईखाली रूळ बसवला, रुळाला गाडी, गाडीला ताडपत्रीची झोळी. चालवायला वर्कशॉपातला संगणक, आणि त्यात इंटरनेटवर फुकट मिळणारा प्रोग्राम, कुणीही उघडून हवा तसा बदलावा असा. लोक त्यावर लोखंड कापतात, यानं आई उचलली. गाव हसलं. पण म्हातारी रोज अंघोळ करू लागली, तेव्हा हसणारे गप्प झाले.

मिस्त्री बाजारात गेला त्या दिवशी वारं सुटलं होतं. नांगरलेल्या रानातली माती घरात येत होती. सासूबाई झोळीत बसल्या, सुनेनं चालू करायची कळ दाबली, गाडी न्हाणीकडे निघाली आणि मध्येच वीज गेली.

"लटकले की गं," सासूबाई हसल्या.

"येईल आत्ता."

वीज आली. गाडी गुरगुरली आणि उलटी फिरली. वीज आली की हे मशीन आपली मूळ जागा शोधत भिंतीपर्यंत मागं जातं, हे सुनेला माहीत होतं. झोळी रिकामी असली तर बिघडत नाही. पण खाटेच्या उशाशी, भिंतीला लागून, धान्याची लोखंडी कोठी होती, काठोकाठ भरलेली, आणि सासूबाईंचं डोकं नेमकं त्या कोठीच्या कडेकडे चाललं होतं.

तिनं झोळीला मिठी मारून पाय रोवले. गाडी तिलाही ओढत निघाली, सावकाश, बैल औताला चालतो तशी.

"अगं, थांबव की हे," सासूबाईंचा आवाज बारीक झाला.

कुणाला हाक मारणार? आळी सगळी रानात. संगणक आणि मेन स्विच, दोन्ही वर्कशॉपात, कुलपात. मग दाराच्या चौकटीवर लावलेली काळी चिकटपट्टी दिसली, आणि पट्टीखाली त्या दोन वायरी. सुटल्या की थांबतंय, असं तो म्हणाला होता. त्यात करंट असतो का, ते मात्र सांगितलं नव्हतं. मेले तर दोघी मरू, असं मनाशी म्हणून झोळी सोडून ती दाराकडे धावली, डोळे मिटले आणि वायरी ओढल्या.

गुरगुर बंद पडली.

डोळे उघडले तेव्हा कोठी आणि पांढरा अंबाडा यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

"सोड आता त्या वायरी," सासूबाई म्हणाल्या.

"नाही सोडत."

एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी, अशी ती उभीच राहिली. हात भरून आले, तरी दोन टोकं पुन्हा भेटतील या भीतीनं ती हलली नाही. ऊन उंबरा ओलांडून आत आलं तेव्हा मिस्त्री आला, हातात कोरं करकरीत बटण. दारातच त्याचा चेहरा उतरला. वर्कशॉपचं कुलूप काढून त्यानं सगळं बंद केलं, आईला खाटेवर घेतलं, मग बायकोची बोटं एकेक करून वायरीवरून सोडवली. ती तेव्हा रडली.

"बसवतो लगेच," तो मान खाली घालून म्हणाला.

"कुठं बसवतोस?" म्हातारीनं विचारलं.

"जुन्याच जागी. दारापाशी."

"दारापाशी कोण लटकतंय रे? ज्याचं जळतं त्याला कळतं. बटण माझ्या हाताशी बसव."

वायर पुरेना, तर लेथची कापून त्यानं जोडली. दुसऱ्या दिवशी झोळी हातभर गेली नाही तोच म्हातारीनं बटण दाबलं. गाडी थांबली. सुनेनं दचकून तिच्याकडं बघितलं.

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "थांबतंय का ते बघितलं. आता ने."