मधली जागा

मी बकेट सीट बोलतेय. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. बादलीचं नाव मी काही मागून घेतलेलं नाही. दोन्ही बाजूंचे काठ वर आलेले, मधे खोलगट, माणूस एकदा आत बसला की इकडेतिकडे हलायचा नाही, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. माझ्यात एक माणूस मावतो. एकच. दुसऱ्याला मांडी टेकवण्यापुरतीही जागा नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, त्यावर काळं रेक्झिन. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण जन्मली आणि आम्हा दोघींना एका छोट्या, वेगवान गाडीत शेजारी शेजारी बसवलं. मालक तरणाबांड, डोक्यात वारं शिरलेला. वळणावर टायर किंचाळले की स्वारी खूश. एके दिवशी गाडीने विजेच्या खांबाला मिठी मारली. मालकाचं खरचटण्यावर निभावलं. माझ्या काठावर थाप मारून तो म्हणाला, हिने वाचवलं मला. आयुष्यात तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं. पुढे गाडी भंगारात निघाली आणि आम्ही दोघी भंगारवाल्याच्या शेडमध्ये उंदरांना आंदण गेलो.

तिथे एका दुपारी मुलगा आला. मुलगा म्हणजे चांगला पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ, पण त्याच्या तोंडी सारखे आई आणि बाबा, म्हणून माझ्या लेखी तो मुलगाच. भंगारवाल्याला तो सगळं सविस्तर सांगत बसला. त्याच्या वडिलांची, तात्यांची, जुन्या जमान्यातली लांबलचक गाडी होती. तात्या चष्मेवाले. जन्मभर त्याच गाडीतून आसपासच्या गावांना चष्मे घेऊन फिरले. आता त्यांचं डोकं साथ देईना. घर ओळखीचं वाटेना, पोटच्या पोराला ते ‘आपण कुठले?’ म्हणून विचारायचे. दिवसभर खोल्याखोल्यांतून घाबरेघुबरे होऊन फिरायचे. संध्याकाळी मात्र काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांना घराच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या त्या गाडीत नेऊन बसवायच्या आणि त्या तासाभरात ते शांत असायचे.

पण एकदा काकू पाणी आणायला घरात गेल्या तेवढ्यात तात्या बाजूच्या रिकाम्या जागेवर कलंडले आणि दाराच्या हँडलवर कपाळ आपटून घेतलं. टाके पडले. मुलगा परगावी असतो, धावत आला. त्याने ठरवलं, पुढची ती या दारापासून त्या दारापर्यंतची एकसलग, घसरती लांब सीट काढायची आणि बाबांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवेल अशी सीट बसवायची. तो स्वतः माझ्यात बसला, डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं. ‘वा!’ म्हणाला आणि आम्हा दोघींना विकत घेतलं. आईला त्याने काही सांगितलं नाही. गाडी इंजिनच्या कामाला नेतो म्हणाला, म्हणजे एकदम बघितल्यावर तिला बरं वाटेल. काय बोलणार! मन सोन्यासारखं, आणि काम बघा कसलं करून बसला.

कुशनवाल्याच्या दुकानात त्या लांब सीटशी माझी गाठ पडली. थोराड बाई. कातडं भेगाळलेलं, शिवण उसवलेली, पण बसण्यात एक ऐट. मी म्हटलं, आजी, तुमची जागा घ्यायला आलेय, राग मानू नका. तिने राग मानला नाही. फक्त म्हणाली, “मधे जागा ठेवशील ना?” मला काही कळेना. मग तिने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी गाडीच्या डाव्या खिडकीची काच अडकली आणि पावसाचं पाणी आत येऊ लागलं. काकू भिजू नयेत म्हणून तात्यांनी त्यांना मधे सरकवून घेतलं, अगदी आपल्या खांद्याला खांदा लावून. काच पुढे दुरुस्त झाली, पण काकू काही परत खिडकीशी गेल्या नाहीत. मांडीवर चष्म्यांचा डबा घेऊन त्या जन्मभर मधेच बसल्या. “आणि आता त्याला तेवढंच कळतं,” आजी म्हणाली. “खांद्याला खांदा लागला की तो तिला ओळखतो. एरवी नाही.”

कुशनवाल्यालाही ते दिसलं होतं. सीटवर हात फिरवून त्याने मुलाला विचारलं, ही मधेच कशी खचलीय, सीट नेहमी कडेला खचते, मधे कोण बसायचं? मुलाने खांदे उडवले. लहानपणी तो मागे बसायचा. पुढे दोन डोकी दिसायची, ती किती जवळ आहेत हे कोणतं पोर मोजतं? आणि काकूही लाजऱ्या. फोनवर इतकंच सांगायच्या, गाडीत बसले की शांत असतात हो.

माझ्या डोळ्यांदेखत आजीचं कातडं सोलून काढलं. स्प्रिंगा एकीकडे, काथ्या एकीकडे, लाकडी चौकट चुलीकडे. तिचाच तपकिरी रंग मला आणि माझ्या बहिणीला चढवला. मिस्त्रीने गाडीच्या तळाचे जुने खुंट कापून आमच्यासाठी नवीन पट्ट्या वेल्डिंग केल्या. आम्हा दोघींच्या मधे मुलाने एक पेटी बसवून घेतली, औषधं आणि पाण्याची बाटली ठेवायला, म्हणजे आईला सारखं उठायला नको.

गाडी घरी आली. काकूंनी पदराला हात पुसत आत डोकावलं. बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “छान झालंय हो.” त्या तशा का म्हणाल्या हे मला कळलं, मुलाला नाही. त्याने मोठ्या उत्साहाने तात्यांना माझ्यात बसवलं, आईला शेजारी बहिणीवर बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

तात्यांचा हात पेटीवर गेला. त्यांनी ती चाचपली, दोनदा थोपटली. मग मान वळवून त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, “बाई, तुम्ही जरा उतरता का? इथे माझी बायको यायची आहे.”

उभ्या आयुष्यात या माणसाने काकूंना कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, अहो बाबा, आईच आहे ती. तात्या ओशाळून हसले, पण नजर काही बदलली नाही. काकू म्हणाल्या, “उतरते हं.” आणि खरंच उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा कुशनवाल्याकडे धावला, तोवर आजीची राख झाली होती. मग त्याने पेटी उखडली, मधे उशा रचून सपाट केलं, काकूंना तिथे बसवलं. पण माझा काठ दोघांच्या मधे आडवा आलाच. तात्या अंग चोरून दाराकडच्या काठाला टेकले, परक्या बाईचा धक्का लागू नये म्हणून. मिस्त्रीने कुठूनशी दुसरी लांब सीट आणून आठवडाभर ठेवून पाहिली, तर गाडी पुन्हा बदललेली बघून तात्या बिचकले आणि आत पायच ठेवीनात. शेवटी मला परत बसवलं. तुटलं ते तुटलं.

त्या दिवशी मुलगा शेडच्या दारात बसून ढसाढसा रडला. “आई, तू मला सांगितलं का नाहीस गं?”

“काय सांगायचं होतं?” काकू म्हणाल्या. “आम्ही चिकटून बसतो, हे? पोटच्या पोराला असं कुणी सांगतं का रे?”

मग त्यांनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. करायला गेला एक आणि झालं भलतंच, यात त्याचा तरी काय दोष?

आता मी या गाडीत आहे. माझं काम मी चोख करते. तात्या कलंडत नाहीत, पडत नाहीत, कपाळाची खूणही पुसट झाली. लोक येऊन म्हणतात, काय सुंदर सीट बसवल्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाबांनो, एक मागणं आहे. कुणाचं जुनं काढून नवं बसवायला निघालात, तर आधी त्या जुन्यावरून हात फिरवा. ते कुठे खचलंय ते बघा, आणि तिथे कोण बसायचं ते विचारा. विचारायला लाज वाटली तरी विचारा, सांगायला लाज वाटली तरी सांगा.

रोज संध्याकाळी काकू तात्यांना माझ्यात बसवतात आणि स्वतः बाहेर, उघड्या दाराशी उभ्या राहतात. तात्या फाटकाकडे बघत बसतात. ऊन उतरतं, शेजारची पोरं घरी जातात, तरी ते बघतच असतात.

“आली नाही अजून,” कालही ते म्हणाले.

“निघालीय,” काकू म्हणाल्या. “वाटेत आहे.”