जागा शिल्लक नाही

टेबलावरच्या कुत्र्याचा पाय दोन्ही हातांनी धरून डॉक्टरने आतूनच हाक मारली,

"वहिनी, एक्स-रे चढत नाहीये!"

बाहेरच्या कॉम्प्युटरवर लाल चौकट उमटली होती : जागा शिल्लक नाही. आत कुत्रा कळवळत होता. वहिनीने दवाखान्याच्या उद्घाटनाचा व्हिडिओ शोधला. त्यात ती स्वतः फारच छान दिसत होती. तिने तो डोळे मिटून उडवला. एक्स-रे चढला.

दवाखाना जनावरांचा, डॉक्टर म्हणजे तिची धाकटी नणंद, आणि कारभार वहिनीचा. सगळ्या नोंदी क्लाउडवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेल्या. दुपारी त्या कंपनीचा माणूस फोनवर मधाळ बोलला, "जागा वाढवून घ्या ना मॅडम, एका बटणाचं तर काम." त्या बटणाचे दरमहाचे भाडे ऐकून वहिनीने काचेपलीकडे पाहिले. मदतनीस बाई मांजराचे पिंजरे पुसत होती. एवढे भाडे द्यायचे तर तिला अर्धाच दिवस ठेवावे लागले असते.

"घर भरलं म्हणून कोणी लगेच मोठं घर घेत नाही," वहिनी म्हणाली. "आधी माळा आवरतात."

आणि ती आवरायला बसली. कामाला लागली की ती कोणाच्या बापाला ऐकत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आधी तिला कंपनीच्या भामटेगिरीचा संशय आला, मग कळले की भामटे घरचेच. एकच एक्स-रे तीन-तीनदा साठत होता : मशीन एक पाठवायचे, डॉक्टर तोच पुन्हा जोडायची, आणि जनावराच्या मालकाला मेल केला की त्याची तिसरी प्रत. वहिनीने जादा प्रती काढल्या आणि यापुढे मालकाला फाईल नाही, नुसती लिंक पाठवायची असा हुकूम काढला.

"मला नाही जमत ते लिंकबिंक," डॉक्टर म्हणाली.

"गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायला जमतं, वन्सं. हेही जमेल."

'वन्सं' म्हटले की वहिनी चिडली आहे हे नणंदेला कळायचे. ती मुकाट्याने शिकली.

तरी जागा पुरेना. उरल्या होत्या जुन्या, वर्षानुवर्षे न आलेल्या जनावरांच्या फायली. नियमाने सांभाळायची मुदतही कधीच उलटलेली. त्यातल्या काही पुसाव्यात, काही दुसरीकडच्या स्वस्त साठ्यात हलवाव्यात, असा वहिनीचा बेत होता.

"त्यांना हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाली. हातमोजे काढता काढता ती थांबली होती.

"का?"

"नको म्हटलं ना."

वहिनीने वाद घातला नाही. तिने यादी नीट लावली आणि तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. सगळ्या फायली वर्षानुवर्षे बंद, पण 'भोपळ्या' नावाच्या कुत्र्याची फाईल गेल्याच आठवड्यात उघडलेली. त्याआधीही कितीदा तरी. ज्या ज्या दिवशी मोठे ऑपरेशन, त्या त्या सकाळी.

भोपळ्या घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचा. पोटातली गाठ काढताना टेबलावरच गेला होता. चूक कोणाचीच नव्हती. हृदयच कमजोर निघाले. त्यानंतर नणंद बाजारात जाताना घड्याळजींच्या दुकानावरून जात नसे, लांबच्या गल्लीने वळसा घालायची. वहिनीला वाटे, तिकडे भाजी चांगली मिळत असेल.

दुसऱ्या दिवशी तिने एकेका मालकाला फोन लावायला सुरुवात केली. तुमच्या जनावराची जुनी फाईल ठेवायची की काढायची? बहुतेकांनी काढा म्हटले. एक म्हातारी मात्र भडकली.

"मेला असं वाटलं की काय तुम्हाला? माझा पोपट तुमच्यापेक्षा जास्त बोलतो. ऐका!"

पोपटाने फोनवर वहिनीला अशी शिवी हासडली की मदतनीस बाईलाही ऐकू गेली.

घड्याळजींचा नंबर तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिने दवाखान्याचे नाव सांगून भोपळ्याच्या फाईलचे विचारले. मागे घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"अजून ठेवलंय ते तुम्ही?" ते म्हणाले. "कशाला? पुसून टाका."

"बरं," वहिनी म्हणाली. पण फोन ठेवावा असे दोघांनाही वाटेना.

"आमच्याकडे आता एक कुत्री आहे," घड्याळजी म्हणाले. "पार नदीपलीकडच्या डॉक्टरांकडे नेतो. म्हाताऱ्या माणसाला लांब पडतं. पण मला बघून तुमच्या डॉक्टरबाईंना उगाच त्रास व्हायचा. त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याच जास्त रडल्या होत्या हो."

वहिनीने खुर्ची सरकवली. नणंद रडली होती हे तिला माहीत नव्हते.

"लस कधी द्यायची आहे तिला?" तिने विचारले.

"याच महिन्यात."

"मग इकडेच घेऊन या. उद्याच."

संध्याकाळी डॉक्टर हात धूत होती तेव्हा वहिनीने सरळ सांगून टाकले. घड्याळजी काय बोलले, शब्दन् शब्द.

"कोणाला विचारून फोन केलास?"

"कोणालाच नाही."

पाणी बराच वेळ वाहत राहिले. मग नळ बंद झाला. डॉक्टर येऊन वहिनीच्या मागे उभी राहिली. पडद्यावर भोपळ्याची फाईल होती. तिने वाकून ती उघडली. एक्स-रेत बरगड्यांच्या पांढऱ्या कमानी आणि खाली ती गाठ. तिने तो पाहिला, नेहमी पाहत असेल त्याहून कदाचित थोडाच वेळ.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "त्या स्वस्त साठ्यात टाक."

"टाकते. पण तिथून काही मागवलं तर लगेच मिळत नाही हं. एक दिवस लागतो."

आत मदतनीस बाईने दिवा लावला. टेबलावर उद्याच्या ऑपरेशनचे मांजर तपासायला ठेवले होते, त्याने एकदा ओरडून घेतले.

"चालेल," डॉक्टर म्हणाली आणि हात पुसत आत गेली.