आडवा गेज

घरात तिला सगळे धांदल म्हणत. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून ती बाहेर पडे, आणि कोणी दाखवून दिलंच तर म्हणे, “पाय तरी कुठे एकसारखे आहेत?”

त्या सकाळी मात्र मोजे जुळते होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पोलादाची पट्टी ताणायची, ती किती लांबते ते मोजायचं आणि त्यावरून पोलाद किती ताठ आहे ते सांगायचं. ज्या जोडीचं काम मॅडमना पटेल, तिला त्या सुट्टीत नदीवरच्या पादचारी पुलावर घेऊन जाणार होत्या. माणसं चालू लागली की पुलाचं लोखंड किती ताणलं जातं, ते मोजायला. खरा पूल, खरी माणसं! महिनाभर धांदलला दुसरं काही सुचत नव्हतं.

“पुलावर तू?” दादा केस विंचरता विंचरता म्हणाला. “आई, आजच जाऊन पूल डोळे भरून बघून येऊ या.”

“गप रे,” आई म्हणाली. “आणि तू गं, जरा दमानं घे. ते दार ओढायचं असतं, ढकलायचं नसतं.”

प्रयोगशाळा म्हणजे तेलाचा वास येणारी एक लांबलचक खोली. मधोमध दोन पुरुष उंचीचं यंत्र, आणि त्याच्या दोन जबड्यांत पट्टी धरायची. यंत्र चालवत काका. काकांनी तीस वर्षं लोखंड ताणलं होतं, पण स्वतः कशाचाही ताण घेतला नव्हता. त्यांचा नियम एकच : आकडा दिसला की तो शाईनंच लिहायचा, खाडाखोड नाही, आणि पान भरलं की त्यांची सही.

“पेन्सिलीचा आकडा लाजाळूच्या झाडासारखा,” ते म्हणत. “बोट लागलं की मिटतो.”

धांदलचा जोडीदार उंच, सडपातळ आणि रेघ मारल्यासारखं बोलणारा. त्याचं नाव वर्गानं फूटपट्टी ठेवलं होतं.

“गेज मी चिकटवतो,” तो म्हणाला.

“तू मागच्या वेळी चिकटवलास. आता माझी पाळी.”

“बरं. पण हळू.”

आता गेज म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. नखाएवढा एक पातळ पापुद्रा, आणि त्यात केसाहून बारीक तार पुन्हा पुन्हा दुमडून घातलेली. तो पट्टीवर चिकटवला की पट्टीबरोबर ती तारही ताणली जाते, आणि किती ताणली त्याचा आकडा पडद्यावर उमटतो. मात्र तार ज्या दिशेला पसरली असेल, त्याच दिशेचं तिला कळतं. एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

धांदलनं पट्टी घासली, पुसली. गेज चिकटपट्टीवर उचलून घेतला, डिंकाचा थेंब टाकला, आणि अंगठ्यानं एक मिनिट दाबून धरला. पूर्ण एक मिनिट, बरं का! मग तारा जोडल्या आणि ओल लागू नये म्हणून वरून पांढरा लेप दिला. लेपाखाली गेज पार दिसेनासा झाला.

“झकास,” फूटपट्टी म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द क्वचितच निघे.

काकांनी पट्टी जबड्यांत धरली आणि पहिला भार दिला. हिशेबानं पडद्यावर शंभरच्या आसपास यायला हवे होते, म्हणजे दहा लाखांत शंभर भाग लांबी वाढली.

पडद्यावर आलं, उणे एकोणतीस.

“उणे?” फूटपट्टी कुजबुजला. “आपण ओढतोय आणि पट्टी आखूड होतेय?”

“लिहा,” काका म्हणाले.

धांदलनं लिहिलं. दुसरा भार, उणे अठ्ठावन्न. तिसरा, उणे अठ्ठ्याऐंशी. आकडे कसे शिस्तीत वाढत होते, पण सगळे उलट्या दिशेला. पान भरलं. काकांनी सही केली, भार काढला आणि चहा प्यायला बसले.

“वायर चुकीच्या जागी लागली असेल,” फूटपट्टी म्हणाला. “उणे चिन्ह विसरून जा.”

“चिन्ह गेलं तरी शंभरच्या जागी एकोणतीस कसे? आपलं पोलाद बाकीच्यांपेक्षा तिप्पट ताठ आहे का?”

फूटपट्टीनं शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. तिथे शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे ओळीनं बसले होते. “हे बघ,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “नवीन पान घेऊ. त्यांचेच आकडे दोन-चारनं इकडेतिकडे करू. सहीचं काकांना मी सांगतो, पानावर चहा सांडला म्हणून.”

“आणि हे पान?”

“पूल हवाय ना तुला?”

हवा होता. महिनाभर हवा होता. नवं पान दोन मिनिटांचं काम होतं. धांदल त्याच्या वहीला लावलेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा उगाच ओढत बसली.

“तुटेल तो.”

“थांब.” तिनं पट्टा परत ओढला. सोडला. पुन्हा ओढला. “अरे, हा लांब होताना अरुंद होतोय!”

“मग? सगळंच होतं.”

“पोलादसुद्धा! आपण लांबी मोजलीच नाही. आपण रुंदी मोजतोय. मी गेज आडवा चिकटवलाय!”

फूटपट्टीनं कपाळावर हात मारला. मग तोच हात गणकयंत्राकडे गेला. एकोणतीस भागिले शंभर. पुस्तकातलं कोष्टक उघडलं. पोलाद ओढलं की ते रुंदीला किती आक्रसतं? लांबीच्या वाढीच्या साधारण तीन दशांश.

“शून्य पूर्णांक एकोणतीस,” तो म्हणाला. “अगं, हे तर फारच छान आलंय.”

“हो. फक्त विचारलं होतं भलतंच.”

सहीच्या पानाखाली तिनं शाईनं लिहिलं : “गेज आडवा चिकटला. हे आकडे रुंदीचे आहेत. लांबी मोजलेली नाही, म्हणून ताठपणा सांगता येत नाही.”

मॅडम आल्या. दारातच काकांनी त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

“कोणी चिकटवला?”

“दोघांनी,” फूटपट्टी म्हणाला.

“मी एकटीनं,” धांदल म्हणाली.

“आडवा आहे, हे लेप काढून पाहिलंत?”

“नाही मॅडम. आकड्यांवरून.”

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी चाकूच्या टोकानं लेप खरवडला. खाली बारीक तार पट्टीच्या रुंदीला पसरली होती, अगदी काटकोनात.

“चिकटवण्याचे गुण शून्य,” मॅडम म्हणाल्या. “विचारलेलं उत्तर आलं नाही, त्याचेही शून्य. पुलासाठी ती शेजारची जोडी पक्की.”

धांदलनं मान हलवली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती यंत्राचे बोल्ट मोजू लागली.

“पण पुलावर चाळीस गेज बसणार आहेत,” मॅडम पुढे म्हणाल्या. “सगळे लेपाखाली झाकलेले. एखादा चुकीचा बसला, तर पूल काही खरवडता येणार नाही. नुसते आकडे बघून ते ओळखणारं कोणीतरी मला लागेल. सोमवारी सात वाजता पोचाल? दोघंही?”

“साडेसहालाच येते, मॅडम!”

“सात. आणि डिंकाच्या बाटलीला तू हात लावायचा नाहीस.”

“नाही लावणार.”

“मी लावू?” फूटपट्टीनं विचारलं.

“तू चहा सांभाळ,” मॅडम म्हणाल्या. “पानांवर फार सांडतो म्हणे तुमच्याकडे.”

फूटपट्टीचे कान लालबुंद झाले. काका मात्र शांतपणे यंत्र पुसत राहिले, जणू त्यांच्या कानांवर काही पडलंच नव्हतं.