कानिफनाथच्या विहिरीतली ऊब

बहात्तरच्या दुष्काळात कानिफनाथनं सोनईजवळच्या आमच्या वाडीत विहीर खोदली. पन्नास फूट खाली गेला, पण तळाला थेंब लागला नाही. मार्गशीर्षात थंडी मात्र पुरेपूर आली. जनावरं छावणीत गेलेली, त्यामुळं गोवऱ्या नव्हत्या. काटक्याकुटक्याही संपल्या. मग सरपंच आबासाहेब म्हणाले, गावठाणातली बाभूळ तोडू, शेकोटीला महिनाभर पुरेल.

त्या बाभळीच्या पाल्यावर भागूबाईच्या दोन शेळ्या जगत होत्या. भागूबाई एकटी. शेळ्या गेल्या की तिच्याजवळ काहीच उरणार नव्हतं.

"तुमाला ऊबच पायजे ना?" ती म्हणाली. "मग कानिफच्या हिरीत चला. मी तिथं दगड वाह्यलेत. वर दात वाजायचे आन् तळाला घाम यायचा."

"हिरीत बसायला आमी काय बेडकं हाय?" आबासाहेब म्हणाले.

"बेडकं पान्यात असत्यात. तिथं पानी कुठंय?"

कानिफनाथला हे लागलं. त्यानं आधी कंदील खाली सोडून हवा पाहिली. कंदील विझला नाही, तेव्हा आम्ही पंधरा जण शिडीनं उतरलो. खाली खरोखर ऊब होती. धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, लाकूड लागत नाही, राख काढायला नको. तरी कुणाला चैन पडेना. हात कुठं धरायचे तेच कळेना. शेवटी आबासाहेबांनी मधोमध एक दगड ठेवला. सगळ्यांनी दगडाकडं तळवे केले, आणि गप्पा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दगडाजवळच्या जागेवरून भांडणं लागली. एकानं काटकीनं दगड जरा सारखा केला, तर आबासाहेब म्हणाले, "हळू. ठिनगी उडंल."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा पाय मागं घेतला.

आठ दिवसांनी कानिफनाथ म्हणाला, "उद्या तळाला आनखी एक सुरुंग लावतो."

"संक्रांत होऊ दे की," आबासाहेब म्हणाले.

"गाव पान्यावाचून मरतंय."

"मरतंय, पन उबेत मरतंय. थंडीत मरनं लई वंगाळ."

"आबासाहेब, मी हीर खांदलीय, चूल न्हाई."

त्यानं ऐकलं नाही. सुरुंग उडाला आणि तळाला कमरेएवढं पाणी आलं. बायांनी घागरी भरल्या, कानिफनाथनं नारळ फोडला. भागूबाईनं शेळ्यांना पोटभर पाजलं आणि बाभळीखाली जाऊन बसली. आता काय होणार, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला आबासाहेब कुऱ्हाड घेऊन बाभळीपाशी आले. मागं आम्ही चौदा जण कुडकुडत उभे. भागूबाई विहिरीवरूनच येत होती. डोक्यावर घागर, काखेत घमेलं.

"पाय पुढं करा, सरपंच."

"पाय कशाला?"

"करा तर."

तिनं त्यांचे भेगाळलेले पाय घमेल्यात ठेवायला लावले आणि वरून पाणी ओतलं. पाण्यातून वाफ निघत होती.

"जाळ कशाचा घातलास गं?"

"कशाचाच न्हाई. आत्ता शेंदलं. हिरीचं पानी सकाळचं असंच असतंय, पन तुमी कधी पाय बुडवून बसलाय का?"

आबासाहेबांनी डोळे मिटले. कुऱ्हाड बाभळीला टेकवली. मग आमच्यापैकी दोघं घमेली आणायला घरी गेले, आणि थोड्या वेळानं सगळेच.

"पानी वाया जातंय पर," कानिफनाथ म्हणाला.

"वाया कशाला जाईल?" भागूबाई म्हणाली. "गार झालं की उठायचं आन् बाभळीच्या बुडाला वतायचं. आन् ती कुऱ्हाड उचला वाटंतून, शेळ्यांना लागंल."

आबासाहेबांनी डोळे न उघडताच कुऱ्हाड माझ्या हातात दिली.