गाडीवानाचा हात

उभारी पुन्हा खाली आली तेव्हा पुंजाजीच्या उजव्या मनगटात काहीतरी कडकन मोडलं.

"मले हात दाखवतं का बे?" दौलतराव धापा टाकत होते. "मले थांबवतं?"

उभारी, म्हणजे कडेला उभा खोचलेला लाकडी सोटा, त्यांनी पुंजाजीच्याच बैलगाडीची उपसली होती. गाडीचं एक चाक रस्त्याकडेच्या चरात गेलं होतं. नवा गोऱ्हा गुडघे फोडून घेऊन जुवाखाली थरथरत होता.

"बाजारात दवंडी होती, मालक," पुंजाजी मातीतूनच म्हणाला. "जनावर बुजत असंन तं गाडीवानानं हात वर करावा, फटफटीनं, मोटारीनं थांबावं. साहेबाचा कायदा हाय. गोऱ्हा पयल्यांदाच रस्त्यावर आणला, म्हणून..."

"कायदा शिकवतं?"

या वेळी उभारी तोंडावर बसली. पुंजाजी दातासकट रक्त थुंकला.

रिठद ते वाशीम या वाटेवर फटफटी एकच होती, दौलतरावांची. त्यामुळे तिच्या वाटेत जो येईल तो गुन्हेगार ठरे. ती दिसली की लोक गाडीतून खाली उतरत आणि रामराम घालत. त्यांच्यापुढे कुणी पंजा उभा धरावा, हे त्यांच्या बापजन्मी घडलं नव्हतं. थांबायचं सोडून त्यांनी भोंगा दाबला होता आणि गोऱ्हा उधळला होता तो त्यामुळेच. पण हे कबूल कोण करणार?

पुंजाजीची बायको तुळसाबाई मध्ये पडली. तिला त्यांनी लाथेनं बाजूला केलं. मग उभारी फेकून तशीच एक लाथ फटफटीला घातली. ती मात्र मुकाट्यानं सुरू झाली.

धुरळा खाली बसला. तुळसाबाईनं पदर फाडून नवऱ्याचा हात गळ्यात बांधला.

"बोटं हालतात काय?"

"नाई."

पेरणी तोंडावर आली होती. दोघांनी खांदे लावून चाक वर काढलं. उभारी उचलून तिनं गाडीत टाकली, आणि गाडी वाशीमच्या दवाखान्याकडे लागली.

नाल्याच्या वळणावर फटफटी आडवी पडली होती. दौलतराव तिच्याखाली होते. रागाच्या भरात वळण घेताना ती घसरली होती. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, आणि धुराच्या तापलेल्या नळीखाली पोटरी भाजत होती. तो वास गाडीपर्यंत येत होता.

"पुंजाजी," ते म्हणाले. आजवर त्यांनी त्याला पुंज्याच म्हटलं होतं.

तुळसाबाई उभारी घेऊन खाली उतरली. तिला त्यांचा जीव घ्यायचा होता, त्यात शंका नको. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी उभारी डोक्यावर उचलली तेव्हा दौलतरावांनी डोळे मिटून घेतले.

"तुळसे," पुंजाजी म्हणाला, "मशीन उचलाले लागते. तिच्याखाली घाल ते."

ती तशीच उभी राहिली. मग तिनं उभारी फटफटीखाली खुपसली आणि सगळा राग त्या लाकडावर काढला.

गाडीत दौलतरावांचा पाय मांडीवर घेऊन तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिचा हात जरा ढिला पडला की हाड हले आणि ते गुरासारखे ओरडत. पुढं पुंजाजीनं डाव्या हातात कासरा धरला होता.

समोरून धुरळा उठला. कुण्या साहेबाची मोटार येत होती. गोऱ्ह्यानं कान टवकारले आणि तो मागं सरू लागला.

"हात कर," दौलतराव म्हणाले. "पुंजाजी, हात कर. हा उधळला तं मी मरतो."

पुंजाजीनं मागं वळून पाहिलं नाही. "उजवा मोडला, मालक. डाव्यात कासरा हाय."

"बाई, तू तरी..."

"पाय सोडू काय?"

मोटारीचा भोंगा वाजला. गोऱ्ह्यानं हिसका दिला, चाक खडकावर आपटलं आणि दौलतरावांची किंकाळी माळावर घुमली. मग एका कोपरावर रेटून ते उठले आणि त्यांनी आपला हात वर केला. पंजा उभा होता.

मोटार थांबली. ड्रायव्हरनं इंजीनसुद्धा बंद केलं. मागं बसलेल्या साहेबानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. पुंजाजीनं जिभेनं टक् केलं. गोऱ्हा अंग चोरत, गाडी ओढत मोटारीच्या कडेनं पुढं गेला.

"थांबली," तुळसाबाई म्हणाली.

"थांबते नं," पुंजाजी म्हणाला. "दवंडीच तशी होती."

मोटार दिसेनाशी झाली तरी दौलतरावांचा हात वरच होता.

"घ्या आता खाली, मालक," तुळसाबाई म्हणाली. "गोऱ्हा शांत झाला."