सरांच्या अंगठ्याखालचं बटण

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेलाय आणि माझी बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कार्यालयाने मला फक्त चाचणीसाठी विकत घेतलं होतं. "या डबड्यावर चाललं, तर कुठेही चालेल," असं तिथले लोक म्हणत. डबडं म्हटल्याचा मला राग येत नसे. उलट छाती फुगायची.

मी जिच्या टेबलावर असे, ती पडद्यांची आखणी करायची. कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, हे ती ठरवायची. तिचे सासरे पोहायला शिकवत. निवृत्त झाले तरी सारी गल्ली त्यांना सरच म्हणायची. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता, आणि रक्तदाबाची गोळी घेतली की राहिली, याचा रोज घोळ व्हायचा. त्यावरूनच तिला गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप सुचलं.

ते बनवताना ती मला कुणाकुणाच्या हाती द्यायची. इमारतीचा चौकीदार, हिशेबनीसाची आई, हात प्लॅस्टरमध्ये असलेला शेजारी. स्वतः बाजूला गप्प बसायची. मध्येच बोट दाखवायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. कोण कुठे अडतं ते बघायची आणि पडदा पुन्हा आखायची. शेवटी माझ्यावर दोनच गोष्टी उरल्या: गोळीचं नाव आणि त्याखाली ऐसपैस हिरवं बटण, 'घेतली'. सरांचा थरथरता अंगठा कसाही टेकला, तरी बटणावरच टेकायचा. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग नवे साहेब आले. त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'वाढ' असायची, म्हणून मागून सगळे त्यांना वाढपी म्हणत. वाढपी खरेच, पण वाढायचे स्वतःच्याच पानात. त्यांनी मला उचललं आणि हिरव्या बटणावर नख वाजवलं.

"अंगठा आपोआप इथेच जातो ना? मग इथे जाहिरात टाका. रंग हाच ठेवा. 'घेतली' हे बटण वर कोपऱ्यात, बारीक."

"साहेब, लोक फसतील," ती म्हणाली.

"फसतील कसले? दोन दिवसांत शिकतील."

ती बराच वेळ वाद घालत होती. मग खाली मान घालून तिने ते आखलं. नवा पडदा माझ्यावर चढला, तेव्हा मला माझ्याच काचेची शिसारी आली. कुणी उष्टं फडकं तोंडावरून फिरवावं, तसं वाटलं.

लवकरच कार्यालयात नवे मोबाइल आले आणि तिने मला घरी सरांना दिलं. बटण बदललंय, हे सांगायचं मात्र राहून गेलं. सकाळी मी वाजलो. सरांनी गोळी गिळली, चष्मा न लावताच हिरव्यावर अंगठा टेकवला. उघडली केस दाट करणाऱ्या तेलाची जाहिरात. सरांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. ते पुटपुटले, मला पालथं ठेवून चहा प्यायला लागले. थोड्या वेळाने मी पुन्हा वाजलो, कारण माझ्या लेखी गोळी घेतलीच नव्हती.

"राहिली वाटतं," सर म्हणाले आणि त्यांनी दुसरी गोळी घेतली.

ओरडावंसं वाटत होतं, पण मला तेवढंच बोलता येतं जेवढं कुणी माझ्यात घालून ठेवलेलं असतं. तासाभरात सर न्हाणीघराच्या दाराशी भोवळ येऊन पडले. मनगट मोडलं.

मनगट जुळलं, पण सर खचले. "माझंच चुकलं. डोकं कामातून गेलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. तलावावर जायचं त्यांनी सोडलं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला बाई ठेवावी, असं मुलगा म्हणू लागला.

एका सकाळी सून त्यांच्याजवळ हात मांड्यांखाली घेऊन बसली. मी वाजलो. अंगठा हिरव्यावर टेकला आणि तेल उघडलं. तिने मांड्यांखालचे हात काढले.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हता. बरोबरच दाबलं होतं. खालचं बटण बदललंय. मी बदललंय."

सरांनी मला उचलून डोळ्यांजवळ धरलं. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. मग दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

ती मला घेऊन थेट वाढपींच्या खोलीत गेली आणि जे झालं ते सांगितलं. ते हळहळले. मग म्हणाले, "त्यांना जरा नीट समजावून सांग ना, कसं वापरायचं ते." त्यांच्यामागच्या भिंतीवर महिन्याचा आलेख होता. जाहिरातीवर टेकलेली बोटं भरभर वाढली होती. त्या वाढीत सरांचा अंगठाही धरला होता.

तिने नोकरी सोडली. माझ्यातून ते अ‍ॅप काढून टाकलं आणि साधा गजर लावला. सर आता वारांचे खण असलेल्या डबीत त्या दिवसाची गोळी उरली की नाही ते बघतात आणि तलावावर जातात. बाहेर मात्र ते हिरवं बटण अजून हजारो अंगठ्यांखाली बसलेलं आहे. आठवलं की किळस येते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी पडदे आखाल, तर ज्याच्यासाठी आखता त्याच्या शेजारी आधी गप्प बसा. आणि घरातलं म्हातारं माणूस मोबाइल खाली ठेवून "मला मेलं काही कळत नाही" म्हणालं, तर त्याला हसू नका. मला उचला आणि बघा, मी त्याच्याशी काय केलंय.