जेवणाचा बिगूल

आमच्या घरात कुणी जेवायला उशिरा आलं, की धाकटे आजोबा म्हणायचे, "थोरल्यावर गेलाय!" थोरले म्हणजे त्यांचे भाऊ, माझे सख्खे आजोबा. या टोमण्यामागे एक अख्खी लढाई आहे.

सैन्य नदीपलीकडच्या टेकडीवर होतं आणि शत्रू दोन्ही बाजूंनी पुलाकडे सरकत होता. सेनापती महाहट्टी, पण त्या दुपारी एकदाचे शहाणे झाले. "सगळ्यांना अलीकडे बोलवा, मग पूल उडवा," म्हणाले. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. उरला बिगूल. आणि माघारीची धून तर कुणालाच येत नव्हती! अपशकुन नको म्हणून सेनापतींनीच ती शिकवू दिली नव्हती. आता बसा बोंबलत.

बिगूलवाले होते धाकटे आजोबा. त्यांनी डोकं खाजवलं आणि जेवणाचा बिगूल वाजवला.

ताटल्या खडखडवत सगळी टेकडी पुलावरून धावत आली. स्वयंपाक्यानं कपाळावर हात मारला, कारण त्याची भांडी केव्हाच गाडीत चढली होती.

सगळे आले, थोरले सोडून.

बिगूल आधी त्यांचाच होता. धाकट्याला त्यांनीच शिकवलं, आणि सेनापतींनी बिगूल धाकट्याला देऊन यांच्या हाती बंदूक ठेवली. तेव्हापासून स्वारी रुसलेली. धाकट्याच्या बिगुलावर जेवायला जायचं नाही म्हणून वरच सुका पाव चावत बसायचे.

पुलाखाली सुरुंग तयार होते. धाकटे रडकुंडीला आले. पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, टेकडी ढिम्म. मग त्यांनी शेवटचा सूर मुद्दाम खाली पाडला. दुसऱ्यांदा तर असा, की सेनापतींनी कान झाकले.

टेकडीवरून एक माणूस तणतणत निघाला. पूल ओलांडेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता.

"अरे गाढवा, शेवटचा सूर वर न्यायचा, वर! हेच शिकवलं का मी तुला?"

त्यानं बिगूल हिसकावून तोंडाला लावला, तेवढ्यात मागे पूल उडाला. धाकट्यांनी त्याला जी मिठी मारली, ती म्हणे बराच वेळ सोडलीच नाही.

शाळेत बाईंनी एकदा प्रश्न घातला होता: सैन्य वेळेवर माघारी फिरलं नसतं तर काय झालं असतं? हुशार मुलींनी राजधानी पडली असती, सरकार कोसळलं असतं, असं पानभर लिहिलं. मी एकच ओळ लिहिली.

आमच्या घरी धाकटे आजोबा एकटेच जेवले असते.